शोकेसमधलं स्टेशन

मागच्या महिन्यात माझ्या मामेभावाने एक फोटो पाठवला. हिरव्या कापडावर ठेवलेला खेळण्यातला सिग्नल, त्याचा लाल हात आडवा, आणि खाली दोन शब्द: ‘आमचं बालपण’. तो फोटो त्याने जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवरही टाकला होता, आणि तिथे आलेले अश्रू तो मला एकेक करून पाठवत होता. कुणी लिहिलं होतं की असे दिवस परत येणार नाहीत. कुणी लिहिलं होतं की आजच्या मुलांना यातलं काय कळणार. एका गृहस्थांना तर त्या सिग्नलकडे बघून आपली आई आठवली. सिग्नल बघून आई आठवावी असं त्यांच्या घरी काय चालायचं, ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

मामेभाऊ अजून बोरीवलीतच राहतो, पण आता जुनी बिल्डिंग पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. तिथल्या घरातली एक अख्खी खोली त्याने या सामानाला दिली आहे. ती सजवून पूर्ण झाली म्हणून त्याने एका रविवारी जेवण ठेवलं. मला म्हणाला, ‘‘तू लिहितोस ना रे, मग दोन शब्द बोल. तूपण होतास ना तेव्हा.’’ मी होतो हे खरं आहे. म्हणूनच मी तिथे काही बोललो नाही. इथे लिहितो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या गावात शाळा दहावीपर्यंत होती. पुढे शिकायचं तर गाव सोडणं भाग होतं. बाबा हंगामात आंब्याच्या पेट्या ठोकायचे आणि एरवी मिळेल ते काम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मला पुढे पाठवावं असं बाबांना वाटलं, आणि आईच्या भावाने, म्हणजे मामाने, ‘‘येऊ दे त्याला’’ म्हटलं, म्हणून मी कॉलेजात गेलो. हे उपकार मी विसरलेलो नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी तसं समजू नये.

मामा कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर होता. घर एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी एवढंच. मी पोहोचलो त्या दिवशी मामीने हॉलमधल्या एका भिंतीखालची जागा दाखवली आणि म्हणाली, इथे झोप, फक्त पाय त्या काचेला लावू नकोस. ती काच शोकेसची होती.

तेव्हा आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात शोकेस होती. पाहुण्याला आधी पाणी द्यायचे, मग शोकेस दाखवायचे. तिच्यात ताजमहाल असायचा, शिंपल्यांची होडी असायची आणि कुणीतरी आखातातून आणलेली सेंटची बाटली असायची. बाटली रिकामी असायची. सेंट कधीच संपलेलं, पण बाटली फॉरेनची, म्हणून ती रोज पुसली जायची. एका रिकाम्या बाटलीची इतकी सेवा करणारी माणसं मी गावात पाहिली नव्हती.

मामाच्या शोकेसमध्ये रेल्वे स्टेशन होतं. कारखान्याने एकदा त्याला नवीन मशीन शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. तिथल्या एका खेळण्यांच्या दुकानात त्याला छोटी रेल्वे दिसली आणि तो वेडा झाला. पण इंजिन आणि डबे महाग होते. मग त्याने बाकीचं सगळं घेतलं: स्टेशनची इमारत, प्लॅटफॉर्म, सिग्नल, दिव्यांचे खांब, फाटक, झाडं, बाकडी आणि करंगळीच्या पेराएवढी माणसं. आधी स्टेशन नेऊ, गाडी पुढच्या खेपेला आणू, असा त्याने हिशेब केला. यात काही चमत्कारिक आहे असं त्याला वाटलं नाही आणि घरातही कुणाला वाटलं नाही. पुढची खेप आली नाही. कारखान्याने नंतर दुसऱ्याच माणसाला पाठवलं, आणि त्या माणसाने येताना मिक्सर आणला. मामी पाट्यावर खोबरं वाटताना त्या मिक्सरची आठवण मामाला ऐकू जाईल अशा आवाजात काढायची.

तर असं ते बिनगाडीचं स्टेशन. छपरावर पांढरा बर्फ होता. झाडं सुरूच्या झाडांसारखी टोकदार होती आणि त्यांच्यावरही बर्फ होता. प्लॅटफॉर्मवर जाड कोट घातलेली एक बाई बॅग घेऊन उभी होती, कुत्र्याबरोबर एक म्हातारा होता, आणि पुढे लाल टोपी घातलेला, हात वर केलेला स्टेशनमास्तर. पाहुणे आले की मामा मागची बॅटरी जोडायचा. खांबांवरचे दिवे मिणमिणायचे. मग तो तिथल्या लोकांची शिस्त, तिथली स्वच्छता, गाड्या कशा मिनिटाला सुटतात, ते सांगायचा. ज्या गाड्या मिनिटाला सुटतात त्यांतली एकही इथे का नाही, हे विचारायचं पाहुण्यांना सुचत नसे. ते मान हलवायचे आणि चहा प्यायचे.

आता मामेभाऊ म्हणतो की आम्ही तासन् तास त्या स्टेशनाशी खेळायचो. साफ खोटं आहे. शोकेसची किल्ली मामाच्या जानव्याला असायची. मामेभाऊ तेव्हा सहावी-सातवीत होता. तो काचेला नाक लावून उभा राहायचा आणि काचेवर नाकाचा डाग उठायचा. मामी तो ओल्या फडक्याने पुसायची आणि त्याच फडक्याने त्याच्या पाठीत एक फटका द्यायची. त्याचं बालपण म्हणजे तो डाग. त्याचा फोटो त्याने ग्रुपवर टाकावा.

मी अकरावीत असताना मामाच्या मनात आलं की गणपतीला देखावा करायचा. कोकणात रेल्वे येणार, अशी चर्चा त्या वर्षांत सगळीकडे होती. आमच्या नात्यातली माणसं दोन कामांच्या मध्ये तेवढंच बोलायची. मामाने ठरवलं, आपल्या गणपतीपुढे कोकण रेल्वे दाखवायची. शोकेस उघडली. प्लायवूडच्या फळीवर हिरवा रंगवलेला भुसा पसरला, आणि त्यावर ते जर्मन स्टेशन मांडलं. प्लॅटफॉर्म अगदी मूर्तीच्या पायांशी आला. माझं अक्षर चांगलं म्हणून स्टेशनच्या पाटीवर चिकटवायला आमच्या गावाचं नाव मी लिहिलं. ज्या गावाला एसटीशिवाय काही येत नव्हतं, त्या गावाच्या छपरावर बर्फ पडला.

पाहुण्यांनी विचारायचं ते विचारलंच. मामाच्या एका चुलत्याने छपरावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, ‘‘पिठीसाखर काय रे?’’ मामा म्हणाला, बर्फ. चुलता म्हणाला, आपल्याकडे? मामी आतून म्हणाली, गणपतीला शाल घाला कुणीतरी. मग चुलत्याने फळीवर वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘आणि गाडी खंय हा?’’

‘‘येतेय,’’ मामा म्हणाला. ‘‘सिग्नल लाल आहे.’’

सगळे हसले. मामा हसला नाही. त्याने हे खरंच मनाशी धरलेलं होतं, आणि तीच मला सर्वांत दयनीय गोष्ट वाटते. मोठा, हुशार, हाताने उत्तम काम करणारा माणूस, पण खेळण्यातल्या स्टेशनापुढे तो पुजारी झाला होता.

पाच दिवसांचा गणपती. पाचव्या दिवशी सकाळीच मामीला पाळी आली. तेव्हा आमच्याकडे असं झालं की बाईने देवाच्या कशालाही हात लावायचा नाही, फूलसुद्धा उचलायचं नाही. ती गॅलरीत चटई टाकून बसली आणि तिथून सूचना देत राहिली. त्यामुळे विसर्जनाआधी मूर्तीपुढचं निर्माल्य मामानेच गोळा केलं. पाच दिवसांची जास्वंद आणि दुर्वा मूर्तीच्या पायांवरून घसरून प्लॅटफॉर्मवर आल्या होत्या. खाली टेम्पो हॉर्न वाजवत होता. मामाने दोन्ही हातांनी सगळं ओढलं आणि पिशवीत भरलं. दोन दिव्यांचे खांब आडवे झाले, ते मी उभे केले. पिशवी मूर्तीबरोबर गोराईच्या खाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी सामान शोकेसमध्ये परत लावताना स्टेशनमास्तर नव्हता.

भुसा पिठाच्या चाळणीने चाळला. सोफा ओढला. मामेभावाचे खिसे उलटे केले. मग घराची नजर माझ्याकडे वळली. हॉलमध्ये, त्या फळीशेजारी, झोपणारा मीच होतो. मामाने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त माझ्याशी बोलेनासा झाला, आणि मग एका संध्याकाळी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला की दिवाळीला गावाला जाशील तेव्हा तुझं सामान बरोबरच ने.

याचा अर्थ मला लगेच कळला. गावात कॉलेज नव्हतं. मुंबईत दुसरं घर नव्हतं. सामान घेऊन गेलो असतो तर पुढच्या हंगामात बाबांच्या शेजारी बसून पेट्या ठोकल्या असत्या, आणि माझं शिक्षण एका प्लास्टिकच्या माणसापायी अकरावीत संपलं असतं. त्या टोपीची लाली जास्वंदीत कशी मिसळली असेल हे मला दिसत होतं. मामाचे ओढणारे हात मी पाहिले होते. पण ज्याच्या घरात झोपतो, ज्याच्या ताटात जेवतो, त्याला ‘तुम्हीच बुडवलात’ असं सांगायचं असतं का? गावाकडच्या शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी भात चिवडत बसलो.

मामी आमटीचं पातेलं घेऊन उभी होती. म्हणाली, ‘‘मास्तर निर्माल्यात गेला.’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘मीच भरलं ना निर्माल्य.’’

मामाचा हात ताटात थांबला. मामेभाऊ कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघायला लागला. मामी निर्माल्याला शिवली असती तर त्या घरात ते केवढं मोठं पाप ठरलं असतं, हे मला सांगायला नको. ती शिवली नव्हती, हेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आता मामापुढे दोनच वाटा होत्या. तिचं खरं मानायचं, म्हणजे त्याचा गणपती विटाळला होता. नाहीतर खोटं म्हणायचं, म्हणजे मग निर्माल्य कुणी भरलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

मामी थांबली नाही. एरवी ती शहरातलं बोलायची, पण आता तिची मालवणी बाहेर आली. ‘‘त्या बोटभर मास्तरापायी पोराचा शिक्षण बुडवतलास?’’

मामाने पुन्हा भात मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना, चपला घालता घालता, पाठमोरा म्हणाला, दिवाळीहून येताना घरचे पोहे आण. मी पोहे आणले. पुढची वर्षं त्याच काचेखाली झोपून मी बी.ए. झालो.

तर त्या रविवारी मी मामेभावाच्या खोलीत उभा होतो. मामा आता नाही. जर्मन स्टेशन नव्या काचेत, नव्या दिव्यांखाली होतं. माझ्या अक्षरातली पाटी काढून टाकलेली. ओरिजिनल ठेवावं लागतं म्हणे, नाहीतर जमवणारे नावं ठेवतात. लिलावात घेतलेली एक गाडी गोल गोल फिरत होती आणि त्या स्टेशनात थांबतही नव्हती. पाहुणे मोबाइल वर धरून उभे होते. मामेभाऊ गोष्ट सांगत होता: मास्तर हरवला, संशय माझ्यावर आला, मामाने कसं मला घालवायचं ठरवलं होतं. तो हे विनोद म्हणून सांगत होता. लोक हसत होते आणि माझ्याकडे बघत होते. त्यात मामी कुठेच नव्हती. म्हणजे गोष्टीत नव्हती. खोलीत होती, कोपऱ्यातल्या खुर्चीत, गुडघ्यांवर चादर घेऊन.

मग मामेभावाने कापसात गुंडाळलेला नवा स्टेशनमास्तर काढला. तीच लाल टोपी, तोच वर केलेला हात. कुठूनतरी बाहेरून मागवलेला. ‘‘सेट पूर्ण झाला,’’ तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. मामीला दाखवायला त्याने तो तिच्या डोळ्यांजवळ नेला. मी तिच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो होतो.

मामीने तो नीट पाहिला. मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, ‘‘पहिल्याने निदान गोराईची खाडी तरी बघितली. हा काचेतच मरतलो.’’