टपरीपुढे हळू पळायचं

हळू पळायलासुद्धा रस्त्यावर हक्क लागतो, हे धावण्याच्या कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

आम्हा पळणाऱ्या मुलींच्या सरांचा तक्ता कागदावर चोख होता. मंगळवारी जोर, बुधवारी हळू. हळू म्हणजे पळता पळता शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता यावं इतकं. अंतरही कमी. वाढत्या वयातली हाडं अशाच दिवशी सावरतात, हे सर स्वतःच सांगायचे. आणि बुधवारी आम्ही लवकर परतलो की घड्याळ बघून शाबासकीही द्यायचे.

लवकर का येतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. पूर्णा गावातल्या गोदामांकडे वळताना चहाची टपरी लागते. शिफ्ट सुटलेले, शिफ्टला निघालेले आणि नुसतेच बसलेले, सगळे पुरुष तिथे. कोण कुठल्या गावचा, कुठल्या धर्माचा ते सोडा. मुलींच्या टी-शर्टकडे बघताना त्यांची एकी बघण्यासारखी असायची. जोरात गेलं तर शिटी, हळू गेलं तर टोमणा. टपरी दिसली की आमचे पाय आपोआप सुटायचे, जाताना आणि येतानाही. आमचे हळू दिवस ही माणसं बाकड्यावर बसून गिळत होती.

आमच्यातली सगळ्यात धाकटी, पाड्यावरून येणारी नववीतली मुलगी. तिच्या नडगीत कळ यायला लागली. जिल्ह्याची शर्यत तोंडावर होती. ती हुकली तर पळणं बंद आणि गोदामात पॅकिंगला जायचं, असं घरी ठरलेलं. सर म्हणाले, अंगात ताकद नाही, अंतर वाढवू. माझं डोकं सटकलं. मोर्च्यांत कमावलेला आवाज मी मैदानात लावला. त्या टपरीपायी तिला हळू दिवस मिळतोच कुठे, की नडगी बरी होईल? सरांनी तोडगा काढला, रस्ता बदला. म्हणजे महामार्गाच्या कडेनं, ट्रेलरच्या चाकांलगत. नेहमीचंच. तोंड त्यांचं सुटणार आणि वाट आम्ही बदलायची.

पुढच्या बुधवारी आम्ही चौघी त्याच रस्त्यानं गेलो. ठरलं होतं एकच, टपरीपुढे बोलणं थांबवायचं नाही. गणिताच्या बाईंपासून डब्यातल्या भाजीपर्यंत वाट्टेल ते बडबडत होतो. बाकड्यावरून आलंच, "काय गो, दमलीस?"

धाकटीनं वेग वाढवला नाही.

"न्हाय काका, आज हळूच पळायचंय. तुमची पोरगी माझ्याच वर्गात हाय, सांगते तिला तुम्ही इचारत होते म्हणून."

सगळं एका दमात, धाप न लागता. बाकड्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी चहाच्या ग्लासात तोंड घातलं.

परतल्यावर सरांनी आठ्या घातल्या. फारच हळू, म्हणाले. मी म्हटलं, सर, तक्ता तुमचाच आहे, आज पहिल्यांदा पाळला.

शर्यतीपर्यंत दर बुधवारी आम्ही तेवढ्याच हळू गेलो. जिल्ह्याला ती पळाली. नंबर आला नाही, पण शर्यत हुकली नव्हती, म्हणून पळणं चालू राहिलं. पुढच्या बुधवारी सर त्यावरही बोलायला लागले, पण ती तोवर बूट बांधून हळू पळायला निघाली होती.