पानिपतला मोटरसायकल तपासायला

बावीस वर्षं मी दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात लोकांचे दाखले तपासतो आहे. नोकरीला लागणाऱ्या माणसाचा जन्मदाखला, पदवी, जातीचं प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. गोल शिक्का जरा अंडाकृती उमटला असेल तर मला लांबूनही दिसतो. दोन वेगळ्या वर्षांतल्या दोन सह्या अगदी हुबेहूब असतील तर माझं जेवणावरून लक्ष उडतं, कारण खरा माणूस दोनदा तशीच सही करत नाही. हे काम मला आवडतं, हे आधीच कबूल करून टाकतो. खोटं पकडल्यावर जो आनंद होतो तो मला ना सणावाराला झाला, ना प्रमोशनला.

माझी मुलगी चोवीस वर्षांची. फरीदाबादच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. घरून मेट्रो, मग शेअर ऑटो, मग अर्धा किलोमीटर धुळीतून पायी. तिला मोटरसायकल हवी होती, तीही स्वतःच्या पगारातून. मी म्हटलं, स्कूटी घे. तिला स्कूटी नको होती. तिला एकच मॉडेल हवं होतं, आणि कंपनीने नेमकं तेच बंद केलेलं. म्हणजे जुनी गाडी घेणं आलं, आणि जुनी गाडी म्हटली की मला आधी खोटे कागदच दिसतात.

आम्ही करोल बागेत हिंडलो. तीन शनिवार. मी अकरा गाड्या नापास केल्या. एकीची टाकी नवी रंगवलेली, एकीच्या मीटरचा स्क्रू खरवडलेला, एकीच्या मालकाचं नाव कागदावर एक आणि डीलरच्या तोंडात दुसरंच. अकराव्या गाडीनंतर घरी येताना पोरगी मेट्रोत खिडकीबाहेर बघत बसली, तेही मेट्रो भुयारात असताना. मला वाटलं, नाद सुटला.

दोन महिन्यांनी एका रविवारी तिने चहाच्या वेळी विषय काढला. "बाबा, पानिपतला एका डीलरकडे तेच मॉडेल आहे. नेटवर फोटो बघितलेत. तुम्ही येऊन बघा ना. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन, बिल्कुल."

माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू? चोवीस वर्षांची, स्वतः कमावणारी मुलगी बापाला म्हणते, तुम्ही हो म्हणालात तरच. मी लगेच एक यादी करायला घेतली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जपून हं. पानिपताहून आपली माणसं धड परत येत नाहीत." आणि स्वतःच हसली.

पुढच्या शनिवारी सकाळच्या ट्रेनने आम्ही निघालो. तिच्या सॅकला एक हेल्मेट अडकवलेलं होतं. एकच. तिने आधीच ठरवून टाकलं होतं की गाडी पसंत पडली तर ती स्वतः चालवत आणेल आणि मी, माझ्या कंबरेमुळे, ट्रेनने परत येईन. मी रस्ताभर तिला सांगत होतो की परराज्यातला डीलर म्हणजे काय असतं. इकडची चोरीची गाडी तिकडे जाते, नंबर घासून नवा ठोकतात, कागद आठ दिवसांत उभे राहतात, आणि भानगड निघाली की दुकानाच्या जागी रजयांचा सेल लागलेला असतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. केमिस्टकडे दोन माणसं पुढे असली तरी जिचा जीव वर-खाली होतो, ती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुकान खरोखरच चादरी-ब्लँकेटांच्या दोन दुकानांच्या मध्ये होतं. हवेत लोकरीचं बारीक तूस उडत होतं, गाड्यांच्या सीटवरही बसलेलं. डीलर पंचेचाळिशीचा, धिप्पाड, पांढराशुभ्र कुर्ता. मला बघून उठला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "आइए साहब, राम राम. आप तो घर के आदमी हो. हम भी मराठे हैं."

मी जागच्या जागी थांबलो. पानिपत-कर्नालकडे स्वतःला मराठा म्हणवणारे लोक आहेत, लढाईनंतर इकडेच राहिलेल्यांचे वंशज, हे मी ऐकून होतो. पण मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. मुलगीही आत शिरताना त्याच्याशी हिंदीतच बोलली होती. मी मराठी आहे हे या माणसाला कळलं कसं? गिऱ्हाईक दारात येण्याआधी त्याची माहिती काढणारा डीलर! मी मनातल्या यादीत पहिली फुली मारली.

"मराठे हो? कोई सबूत?" मी हसत विचारलं, पण हसू काही चांगलं नव्हतं.

त्याला राग आला नाही. म्हणाला, "सबूत तो आपके पास भी क्या है जी? आपके दादा ने कहा, आपने मान लिया. हमारे दादा ने कहा, हमने मान लिया." आणि चहा सांगितला.

उत्तर चांगलं होतं. म्हणूनच मला आवडलं नाही. एवढं घासूनपुसून तयार उत्तर लबाड माणसाकडेच असतं, असं मला वाटलं.

मग मी कामाला लागलो. पेन्सिल आणि चिकटपट्टी मी घरून नेली होती. चेसिसच्या नंबरावर पेन्सिल घासायची, वर पट्टी चिकटवायची, ती उचलून कोऱ्या कागदावर लावायची, की नंबर जसाच्या तसा कागदावर उतरतो. नव्याने ठोकलेला आकडा त्यात लपत नाही. मी गुडघे टेकून तो ठसा घेतला. आकडे स्वच्छ होते, सगळे एका ओळीत, एका खोलीचे. इंजिनचा नंबरही जुळला. टाकीच्या आतून बोट फिरवलं, गंज नाही. पुढच्या चाकाचे दांडे सरळ. मला खोट सापडत नव्हती, आणि खोट सापडत नसली की माझा संशय दुप्पट होतो.

"पहला मालिक कौन था?"

"एक फौजी था जी. छह फुट का जवान. बड़े प्यार से रखी उसने."

मी मुलीला म्हटलं, बसून बघ. ती बसली आणि तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. मुलगी माझी जेमतेम पाच फूट एक इंच. करोल बागेत याच मॉडेलवर ती बसली होती तेव्हा बोटांवर तोलत होती. मी सीट दाबून बघितली. आतला फोम कापून कमी केलेला होता, शिवण ताजी होती. सहा फुटी फौजी कशाला सीट खाली करून घेईल? डीलर म्हणाला, "कोई-कोई करवा लेते हैं जी," आणि चहाच्या ग्लासाकडे बघू लागला. पाणी मुरत होतं, नक्की मुरत होतं, फक्त कुठे ते कळत नव्हतं.

शेवटी मी कागद मागितले. हरियाणाची गाडी दिल्लीच्या नावावर करायची तर इथल्या आरटीओने एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, द्यावी लागते, आणि गाडी दिल्लीतल्या कोणत्या आरटीओकडे जाणार ते त्या एनओसीवर लिहिलेलं असतं. मी मनात धरून आलो होतो की हा म्हणेल, महिन्याभरात येईल जी, तुम्ही गाडी तर न्या. तिथेच त्याला पकडायचं ठरवलं होतं. पण त्याने फाइल उघडली आणि एनओसी माझ्यापुढे ठेवली. शिक्का गोल, सही जिवंत. दिल्लीत इतके आरटीओ, त्यातला नेमका आमच्या क्वार्टरचा जो लागतो तोच लिहिलेला. आणि तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

पोरीने मला या गाडीबद्दल सहा दिवसांपूर्वी सांगितलं होतं.

मी उभा राहिलो. माझा आवाज चढला, तो मला ऐकू येत होता. आमचा पत्ता तुम्हाला कुणी दिला? आम्ही मराठी हे कुणी सांगितलं? ही काय टोळी आहे का? मी पोलिसांचं नावही काढलं. शेजारच्या दुकानातला माणूस चादरीची घडी तशीच धरून दारात आला. डीलर माझ्या मुलीकडे बघत होता.

"बाबा, बस," ती म्हणाली. "मी दिला."

खोटं पकडल्याचा तो ओळखीचा आनंद क्षणभर मला झाला. आधी तो झाला, आणि मग कळलं की आपण कुणाला पकडलंय.

ती दोनदा येऊन गेली होती. एकटी, ट्रेनने, ऑफिसला सुट्टी टाकून. स्वतः मेकॅनिक शोधून गाडी उघडून बघितली होती. सीट तिनेच कापून घेतली होती. पैसे तिच्या खात्यातून कधीच गेले होते. आणि डीलरला तिने विनवलं होतं की बाबा आले की आपण पहिल्यांदाच भेटतोय असं करा. "मैंने मना किया था जी," तो खाली बघत म्हणाला. "घर की बात में झूठ अच्छा नहीं लगता. पर बिटिया मानी नहीं."

"मग मला कशाला आणलंस? तमाशा बघायला?" मी भयंकर चिडलो होतो. परक्या माणसासमोर झालेला अपमान मला सोसत नव्हता.

"तुमच्या तोंडून हो हवं होतं म्हणून."

"आणि नाही म्हटलं असतं तर?"

"तरी घेतलीच असती. पण मग रोज घरी तपासणी झाली असती ना, यार बाबा. टायर बघ, कागद बघ, कुठे गेली होतीस बघ." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "बारावीची माझी मार्कशीट मी तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही काय केलं होतं, आठवतं? आधी ती खिडकीच्या उजेडात धरली. मग मार्क बघितले."

मला आठवत नव्हतं. पण तिने सांगितल्याक्षणी माझी खात्री पटली, कारण माझे हात तसेच आहेत. वॉटरमार्क बघितला असणार मी. पोरीला ब्याण्णव टक्के पडले होते आणि मी आधी कागद खरा आहे ना ते बघितलं.

मी एवढंच म्हणालो, "गाडी चांगली आहे."

"मला माहितीये," ती म्हणाली, आणि हेल्मेट घातलं. तिने पहिल्याच लाथेत गाडी सुरू केली, वळून एकदा हात केला आणि हायवेच्या दिशेने गेली. डीलरने मला त्याच्या स्कूटरवरून स्टेशनवर सोडलं. उतरल्यावर मी त्याला सॉरी म्हणालो. त्याने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

ट्रेनमध्ये बसल्याबरोबर मी बायकोला फोन लावला. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मला एवढं घाबरते ती?"

"घाबरत नाही हो. कंटाळलीये."

घाबरते म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. बाहेर गव्हाची शेतं जात होती आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. सोनीपतच्या थोडं आधी मुलीचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा आवाज होता. "बाबा, मुरथलला थांबलेय. परोठा खातेय."

कोणाबरोबर, हा प्रश्न माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला. तो मी कसा गिळला ते माझं मला माहीत. "सावकाश खा," मी म्हणालो. "उन्हं उतरायच्या आत ये म्हणजे झालं."

ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती, हे मला कळत होतं. मग म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"अच्छा." आणि मग, अगदी लहानपणच्या आवाजात, "एकटीच आहे मी, बाबा."

"बरं," मी म्हणालो. फोन ठेवला आणि डोळे पुसायला रुमाल काढला. तो अजून हातातच होता, तेवढ्यात माझ्या मनात आलं: मी तर विचारलं नव्हतं, मग हिने सांगितलं कशाला?