न शिवता वाचलेलं शास्त्र

मी ख्रिस्ती झाले ती नवऱ्यामागून. लग्नात यांच्या मागून सात पावलं चालले, तशीच बाप्तिस्म्यालाही मागूनच गेले. हे मिशनच्या शाळेत मास्तर. यांनी वर्षानुवर्षं वाचून, वाद घालून, रात्री जागून हा मार्ग धरला होता. मी फक्त यांना धरलं होतं. कुणी विचारलं, "तुम्हाला पटलं का हो?" तर मी म्हणे, "यांना पटलंय ना, मग झालं."

गिरगावात खोताच्या वाडीजवळ एका चाळीत आमची खोली होती. तिथेच यांनी मला वाचायला शिकवलं. वाचता येऊ लागल्यावर मी शास्त्र, म्हणजे बायबल, हाती घेतलं ते पोथीसारखं. सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, पुस्तक चौरंगावर ठेवून बसायचं आणि ठरलेले अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही. असं एक अख्खं पारायण मी केलं. संध्याकाळी हे विचारत, "आज काय वाचलंस?" मला सांगता येत नसे, आणि रागही येई. पोथी वाचल्यावर कुणी परीक्षा घेतं का?

महिन्याचे चार दिवस मात्र मी पुस्तकाला शिवत नसे.

"अगं, आपल्यात आता विटाळ नाही," हे म्हणत.

"तुमच्यात नसेल."

"मग चुलीला कशी शिवतेस?"

"न शिवून सांगते कुणाला? तुम्हाला साधा भात तरी टाकता येतो का?"

म्हणजे पोटाला सवलत होती, देवाला नव्हती. हे हसत, आणि हे हसले की माझा हट्ट आणखी वाढे.

पुढे आम्हाला मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. मी शुद्धीवर नव्हते. यांनी आणि चर्चच्या मंडळीतल्या दोघा-तिघांनी तिला नेलं. कुठे नेलं ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. त्यानंतर माझं रक्त थांबेना. महिना झाला, दोन झाले, तरी अंगावर जातच राहिलं. डॉक्टरीणबाई औषध देऊन गेल्या. आणि मला रात्रंदिवस एकच घोर लागला, की देवानं मला टाकली. यांच्यावर त्याचा लोभ असेल. मी नुसती मागून आलेली, माझ्याशी त्याचं काय नातं? ते त्या पुस्तकात कुठेतरी लिहिलेलं असणार, इतकं मला कळत होतं. आणि पुस्तकाला हात लावायची मला सोय नव्हती.

या वेळी हे हसले नाहीत, वादही घातला नाही. शाळेत जाण्याआधी चौरंग माझ्या अंथरुणासमोर ओढला, शास्त्रातलं शुभवर्तमान, म्हणजे प्रभू येशूची गोष्ट, उघडून ठेवलं आणि खिडकीच्या वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून वर अडकित्ता ठेवला.

"लांबून वाच. संध्याकाळी पुढचं पान काढीन," म्हणाले.

अशी माझी नवी शाळा सुरू झाली. दिवसभर समोर तीच दोन पानं. ती संपली तरी पुढे जाता येईना, म्हणून पुन्हा वरून सुरुवात. खाली ट्रामच्या घोड्यांच्या घुंगरांचा आवाज येई, मासळीवाली ओरडत जाई, आणि मी त्या पानांतल्या माणसांशी भांडत बसे. एका शिष्याची सासू तापानं फणफणली होती, प्रभूनं तिला हात धरून उठवलं, आणि उठल्याबरोबर ती बाई पाहुण्यांना वाढू लागली. मला रागच आला. एक दिवस पडू द्यायची होती बिचारीला! पक्षाघात झालेल्या एकाला मित्रांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, तेव्हा ते छप्पर मग कुणी शाकारलं याचीच मला काळजी. आमचं घर कोकणातलं, उघड्या छपराचं दुःख मला ठाऊक. पण शिष्यांची होडी वादळात सापडली आणि प्रभू उशीवर डोकं ठेवून झोपलेला, ते वाचून मला भांडता आलं नाही. माझंही तेच म्हणणं होतं. आम्ही बुडतोय आणि तू झोपलास.

संध्याकाळी हे विचारत, "आज काय वाचलंस?" आता मी बोलायची थांबत नसे.

एका सकाळी हे गेल्यावर मी वाचू लागले, आणि उजव्या पानावर एक बाई आली. बारा वर्षं तिचं रक्त थांबत नव्हतं. वैद्य झाले, होतं नव्हतं ते गेलं. पारायणात ही डोळ्यांखालून गेलीच असणार, पण मी तिला पाहिलं नव्हतं. गर्दीत ती प्रभूच्या मागून आली, आणि तशीच, त्या अंगानं, त्याच्या वस्त्राला शिवली. माझ्या अंगावर काटा आला. तिला आत कळलं की रक्त थांबलं. आणि तेवढ्यात तो थांबला, मागे वळला आणि विचारू लागला की मला कोण शिवलं. ती बाई थरथर कापू लागली.

पान संपलं.

हा प्रश्न मला कुणी समजावून सांगायला नको होता. माहेरी सोवळ्यातली माणसं हाच प्रश्न विचारत, आणि मग काय होई ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. आता तो चार माणसांत हिचे वाभाडे काढणार. पुन्हा स्नान करणार. मी पुन्हा वरून वाचलं, पुन्हा तिथेच येऊन ठेपले. दुपारी शेजारच्या देवळाची घंटा झाली. हे यायला अजून किती वेळ होता, आणि ती बाई तशीच उभी होती. मला तिला तिथे ठेववेना.

मी अडकित्ता उचलला आणि पान उलटलं.

तो तिला रागावला नव्हता. त्यानं तिला मुली म्हटलं होतं. सुखानं जा म्हणाला होता.

आम्ही बाटलो तेव्हा माझ्या वडिलांनी माझ्या नावानं अंघोळ केली होती. त्यानंतर मुली म्हणून मला कुणीच हाक मारली नव्हती. मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पोटभर रडले. रक्त काही त्या दिवशी थांबलं नाही. ते पुढे डॉक्टरीणबाईंच्या औषधानं थांबलं. पण मला टाकलं नव्हतं, हे मला कळलं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे आले ते पान उलटायला चौरंगाकडे वळले, आणि पुस्तक माझ्या मांडीवर पाहून जागीच थांबले.

"उद्यापासून उघडून ठेवू नका," मी म्हटलं. "माझं मी उघडीन."

हे खाली बसले. मग मी विचारलं, "आपल्या मुलीला कुठे ठेवलंत?"

"शिवडीच्या कबरस्तानात," हे म्हणाले. "तू विचारशील म्हणून रोज वाट पाहत होतो."