शाबास म्हणायची सवय

माझं तोंड म्हणजे उघडा नळ, असं घरचे म्हणतात. खोटं नाही.

मी मोजणीवाली. माणसाला अनवाणी मशीनच्या पट्ट्यांवर उभं करायचं, दोन मुठी हातात द्यायच्या. अंगात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, याची चिठ्ठी मशीनमधून सरकन बाहेर येते. अठरा वर्षं मी वजन उतरवायला येणाऱ्यांची मोजणी केली. चरबी उतरली की पाठीवर थाप आणि "शाबास!" बायका काय खूश व्हायच्या! मीही कॉलर ताठ करून फिरायची.

मग इस्पितळात मुलांच्या विभागात लागले. इथली पोरं उलटी. जाड होण्याच्या धास्तीनं जेवण टाकलेली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आकडा दाखवायचा नाही, त्यावर बोलायचं नाही. चिठ्ठी पाकिटात, पाकीट माझ्याकडे." एवढंच ना, म्हटलं.

एक पंधरा वर्षांची पोरगी यायची. नुसती हाडं. त्या दिवशी आई खुशीत होती, कारण पोरगी दोन घास जास्त खाऊ लागली होती. पण ते अजून अंगी लागलं नव्हतं. चरबीचा आकडा मागच्यापेक्षा जरा खालीच आला. आणि या मेल्या जिभेनं काय करावं? "शाबास गं पोरी!"

पोरीचे डोळे लकाकले. आई बाहेर होती. मी जीभ चावली, पाकीट चिकटवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काय!

तीन आठवड्यांनी आईनं तिला धरून धरून आणलं. "चांगली जेवत होती हो. मागच्या मोजणीपासून परत ताट सरकवायला लागली. कुणी काय डोक्यात भरवलं, देव जाणे."

मी मशीन पुसत राहिले. पुसलेलंच परत पुसलं.

पोरगी पट्ट्यांवर चढली. मुठी धरल्या. चिठ्ठी आली, ती मी न बघताच पाकिटात कोंबली.

"मावशी, आज शाबास नाही म्हणणार?"

आईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच म्हटलं होतं, ताई," मी म्हणाले. "मागच्या वेळी. मीच."

आई खाली बसून लेकीच्या पायात चपला घालू लागली. पोरगी मात्र अजून माझ्या तोंडाकडेच बघत होती, शाबासकीची वाट बघत.