मी म्हटलं, टिटवी होती

हे मी कोणालेच सांगितलं नाही — बायकोलेही नाही. आज तुम्हाले सांगतो. कसं जमते पाहू.

यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत मी हेडक्लार्क होतो. कागद समोर आला की 'तपासले, बरोबर आहे' लिहायचं अन् सही ठोकायची. वाचत होतो काय? खरं सांगू — अर्धे कागद नाही.

तीन वर्षांमागं मुलीकडे रत्नागिरीले गेलतो. नात मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची, पक्ष्यांचं भारी वेड पोरीले. एका रविवारी तिच्या पक्षीमंडळासोबत आम्ही दिवसभर समुद्रावर होतो. मंडळाचा नियम असा — लहान पोरानं पाहिलेला पक्षी सोबतच्या मोठ्या माणसानं 'मीही पाहिला' म्हटलं तरच यादीत.

अन् मले काय दिसत होतं? नुसतं धुकं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अन् ऑपरेशनच्या भेवानं मी तो घरच्यांपासून लपवलेला. मुक्ता दुर्बीण हातात देऊन विचारे, दिसला? मी म्हणे, दिसला ना! सकाळपासून अकरा पक्षी असेच तपासले. पोरगी खुश, मीही खुश.

दुपारी ओहोटी लागली. खडकाकडे पाहता पाहता तिनं माहा हात गच्च धरला — कालवफोड्या! काळा-पांढरा, लांब लाल चोचीचा असते तो, हे मले मागून कळलं. त्या साली मंडळात कोणालेच दिसला नव्हता. मंडळाचे सर धावत आले तोवर पक्षी उडाला. ते मले विचारू लागले — काका, चोच केवढी होती? पाय कोणत्या रंगाचे?

आता काय सांगू? चुकलो तर आधीचे अकराही उघडे पडतील. म्हातारा आंधळा आहे अन् सकाळपासून फेकून राह्यला, हे सगळ्यांले कळेल. मी हसलो. म्हटलं, "टिटवी होती हो. पोरीले भास झाला."

'मले दिसत नाही' — एवढं बोलायले माह्यं काय जात होतं?

मुक्ता भांडली नाही. तिनं वहीत लिहिलेलं कालवफोड्याचं नाव खोडलं. घरी येताना हळूच म्हणाली, "आबाजी, मला नीट दिसत नाही का?"

मी दुसरंच काही बोलू लागलो. पुढच्या आठवड्यात तिच्या आईनं तिले डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. डोळे ठणठणीत निघाले. पण तेव्हापासून पोरगी पक्षी पाहिला की आधी बाजूच्याले विचारते, तुलाही तोच दिसला ना? ते ऐकलं की मले माह्याच तोंडात मारावंसं वाटते.

ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. काहीच दुखलं नाही, मी उगाच भेलो. मुक्ता आता बारा वर्षांची आहे, सुटीत आमच्याकडे यवतमाळले आली आहे, अन् पक्ष्यांचं वेड तसंच आहे — केवढं बरं वाटते! उद्या सकाळी आम्ही दोघं धरणावर चाललो. दुर्बीण काढायच्या आधी तिले सांगणार आहे — पोरी, तुह्ये डोळे तेव्हाही चांगलेच होते. मले दिसत नव्हतं, अन् मी खोटं बोललो.

मग ती काय म्हणायचं ते म्हणेल.