हॉलचा नियम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—आणि ओळखत असाल, तर आता नीट ओळखाल.

स्टुटगार्टला आमच्या इमारतीच्या तळघरात दर बुधवारी संध्याकाळी एझ्रा ढोल घेऊन बसतो. मूळचा जमैकाचा, इथे वृद्धाश्रमात काम करतो, धर्माने रास्ताफारी. त्याच्या जटा पाहून मी आधी त्याला गांजेकस समजलो होतो, तेही कबूल करून टाकतो. त्यांच्यात ढोल हीच प्रार्थना, आणि प्रार्थना म्हणजे गुलाम करून आणलेल्या पूर्वजांसाठी मागितलेला न्याय. माणसाला पायाखाली ठेवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला ते बॅबिलोन म्हणतात. तीन ढोलांपैकी मधला माझ्याकडे असायचा. काय सांगू—बॅबिलोन पाडायची गाणी मी डोळे मिटून, घसा फाटेस्तोवर म्हणायचो.

मग सुजाता यायला लागली. नागपूरची, इथे पीएचडी करणारी, मला दादा म्हणायची. एका बुधवारी तिने वडिलांची गाणी म्हटली—त्यांच्या वस्तीत जयंतीला गातात ती. एझ्राला एक शब्द कळला नाही, पण ठेका त्याने बरोबर पकडला. संपल्यावर म्हणाला, हे तर आमचंच आहे. तुमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आपण तिघं हे करू, असंही त्यानेच सुचवलं. कार्यक्रम समितीत मी होतो. सुजाता माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

मग कशाची भीती वाटली मला? समोर बसणाऱ्यांची—ज्यांना माझं आडनाव ठाऊक आहे त्यांची. परक्या बेटावरचा अन्याय गाताना मी शूर होतो. आपल्या गावकुसाबाहेरचं गाणं, तेही मराठीत, त्या स्टेजवर? लोक काय म्हणतील? आणि खरं सांगू—लोकांचं निमित्त होतं. मलाच नको होतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, समितीशी बोललो, सगळे तयार आहेत, पण हॉलच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे नियमावलीत, ढोल चालत नाहीत. इथे नियमाचं नाव काढलं की कोणी वाद घालत नाही. तिनेही घातला नाही.

असा नियम नव्हता. आणि समितीत—एवढंच सांगायला इतका घोळ घातला—समितीत कोणी नाही म्हणालंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. कदाचित ते हो म्हणाले असते.

गणपतीला कोलोनहून ढोल-ताशा पथक येणार होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. वाटलं, ती कशाला येतेय? ती आली. एझ्राची ड्युटी होती, म्हणून एकटीच. त्याच हॉलमध्ये भिंती हादरतील असे ढोल वाजत होते, आणि प्रसाद वाटायला मीच उभा होतो. तिने हात पुढे केला.

"दादा, हाउसऑर्डनुंग बदलली का?"

"हो," मी म्हणालो. "यंदाच."

तिने मोदक घेतला आणि पुढे सरकली.

त्यानंतर ती तळघरात आली नाही. एझ्राला तिने काही सांगितलेलं नाही, कारण तो अजून मलाच विचारतो, ती का येत नाही. थीसिस चालू आहे, मी सांगतो. मग तो ठेका देतो, मी मधला ढोल धरतो, आणि बॅबिलोनविरुद्ध गातो. अजूनही, डोळे मिटून.