दिगूची गिअरवाली सायकल

मित्राची सायकल पंक्चर व्हावी म्हणून मी वाटेत बाभळीचे काटे टाकले आणि त्यांवरून ती सायकल मीच नेली. परवा मुलाच्या सायकलचं पंक्चर काढताना सोल्युशनचा वास आला आणि आमच्या रिठद गावचा तो धुरा, शेताचा बांध, आठवला.

सोयाबीन निघालं की धुऱ्यावरची पायवाट मोकळी व्हायची. एकच सायकल जाईल एवढी वाट, दोन्ही बाजूंना धसकटांचा ओलसर वास. त्या वर्षी दिगूकडे जाड टायरांची गिअरवाली सायकल आली. माझ्याकडे बाबांची, दुधाच्या कॅनांनी एका अंगाला कललेली. मला तर ती बघवेना. म्हणून एके दिवशी सकाळीच त्या वाटेवर, नाल्याच्या उतारावर काटे पसरून आलो.

दुपारी दिगू म्हणाला, "घे, पयले तू चालव. तुही सायकल मी घेतो."

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर हँडल हातात आलं होतं. टकटक गिअर बदलत निघालो आणि खरं सांगतो, काटे साफ विसरलो. एवढा मोठा माणूस मी पुन्हा कधी झालो नाही. उतारावर दोन्ही चाकं फुस्सकन बसली.

दिगू मागून आला. त्यानं बाबांची सायकल उचलून काट्यांपलीकडे ठेवली, माझी काट्यांनी ओरखडलेली बोटं पाहिली आणि चक्क हसला. त्या हसण्याचा मला अजून हेवा वाटतो.

"काटे टाकाले अक्कल लागत नाही लेका," तो म्हणाला, "पण कुठी टाकले, तेवढं तरी ध्यानात ठेवत जाय!"